लांब पल्ल्याच्या रपेटीसाठी घोडा कोणत्या जातीचा घ्यावा?

प्रश्न विचारणारे गृहस्थ पुण्याजवळ राहतात. वजन ७८ किलो, रायडिंग स्कूलमध्ये काही वर्षं घोड्यावर बसलेले आहेत, आता एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत, उतरायचं म्हणतात. पुढच्या हंगामात ४० आणि ६० किलोमीटर, जमलं तर दोन-तीन वर्षांत ८० आणि १२०. त्यांच्यासमोर तीन घोडे आहेत. पहिला सारंगखेड्याच्या बाजारात पाहिलेला चार वर्षांचा, ६४ इंची, नुकरा (गुलाबी कातडीचा पांढरा) अंडील, म्हणजे खच्ची न केलेला, मारवाडी. दुसरा रेसकोर्सवरून निवृत्त झालेला सहा वर्षांचा खच्ची थरोब्रेड, जो जवळजवळ फुकट मिळतोय. तिसरी गुजरातेतल्या ओळखीच्या माणसाकडची आठ वर्षांची कुम्मैत (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) काठियावाडी घोडी, उंची ५८ इंच. सोबत दोन उपप्रश्न आहेत: अरबीशिवाय या खेळात निभाव लागत नाही हे खरं का? आणि आपल्या भीमथडी घोड्याचं काय?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. घोडी पाहायला जा. मी लांब पल्ल्याचे घोडे तयार करतो आणि स्पर्धांमध्ये व्हेट गेटवर, म्हणजे पशुवैद्य घोडे तपासतात त्या थांब्यावर, मदतीला उभा असतो. तिथं जे दिसतं त्यावरून सांगतो की तिघांत तिच्याकडून सर्वांत जास्त आशा आहे. मात्र ती काठियावाडी आहे एवढ्यावर पैसे देऊ नका. जात पाहून फक्त कुणाच्या तबेल्यात शिरायचं ते ठरवावं. आत गेल्यावर छाती, पाय, खूर आणि नाडी पाहायची.

हा खेळ घोड्याकडून काय मागतो ते आधी समजून घ्या. शर्यत टप्प्याटप्प्यांत होते. प्रत्येक टप्प्यानंतर घोडा पशुवैद्यापुढे न्यायचा. साधारण १५ ते २० मिनिटांच्या आत त्याची नाडी मिनिटाला ६४ किंवा त्याखाली आली पाहिजे. मग डॉक्टर हिरड्या बघतात, कातडी चिमटीत धरून सोडतात, पोटाचा आवाज ऐकतात आणि घोडा हातात धरून दुडकी पळवायला लावतात. लंगडला किंवा नाडी उतरली नाही की शर्यत तिथंच संपली, मग तुम्ही कितीही पुढे असा. शिवाय मधल्या गेटांवर नाडी उतरेपर्यंत घड्याळ चालूच राहतं. एका घोड्याची नाडी तीन मिनिटांत ६४ वर आली आणि दुसऱ्याची बाराव्या मिनिटाला, तर तीन गेटांवर मिळून २७ मिनिटांचा फरक पडला. ताशी १५ किलोमीटरच्या चालीनं हे जवळजवळ सात किलोमीटर होतात. रस्त्यावर तेवढं अंतर भरून काढायला घोडा मरमर पळवावा लागतो. म्हणून मी नेहमी सांगतो, वेगवान घोडा शोधू नका, लवकर सावरणारा शोधा.

सावरण्याचा संबंध उष्णतेशी आहे. पळताना स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा मोठा हिस्सा उष्णता होऊन अंगात साठतो. ती बाहेर टाकायचा घोड्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. कामाच्या वेळी तासाला दहा लिटरपर्यंत घाम सहज जातो. माणसाच्या घामापेक्षा तो कितीतरी खारट असतो. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते. आपल्याला घाम आला की पाणी जास्त जातं, मीठ कमी, रक्त घट्ट होतं आणि तहान लागते. घोड्याचं पाण्याबरोबर मीठही जातं, म्हणून शरीर कोरडं पडत असूनही त्याला तहान लागेलच असं नाही. पहिल्या गेटवर बादलीला तोंड न लावणारा घोडा ताजातवाना असतोच असं नाही. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चाऱ्याबरोबर पाणी आणि क्षार साठून राहतात. आदल्या दिवशी भरपूर सुका चारा खाल्लेला घोडा हा साठा वापरत पुढे जातो. हरभऱ्यावर आणि पेंडीवर वाढवलेला, चारा कमी मिळालेला घोडा इथंच मागे पडतो.

आता अरबी. त्याची कीर्ती खोटी नाही. अमेरिकेत १९५५ साली वेंडेल रॉबी यांनी कॅलिफोर्नियात ऑबर्न गावापर्यंतची १६० किलोमीटरची डोंगरवाट घोड्यावरून एका दिवसात पार करून दाखवली. तीच पुढे टेव्हिस कप झाली आणि आधुनिक एन्ड्युरन्सची सुरुवात तिथून धरतात. रॉबींचा घोडा अरबी होता, आणि तेव्हापासून तिथं जिंकणाऱ्यांत अरबी व अरबी रक्ताचेच घोडे बहुसंख्य आहेत. ऑस्ट्रेलियातली टॉम क्विल्टी ही शर्यत १९६६ साली सुरू झाली. तिथला पहिला विजेताही अरबी घोडाच.

कारणं शरीरात आहेत. अंग आटोपशीर, कातडी पातळ, त्यामुळे वजनाच्या मानानं उष्णता फेकायला पृष्ठभाग जास्त. स्नायूंमध्ये सावकाश आकुंचन पावणारे, न थकता काम करणारे तंतू जास्त प्रमाणात असतात आणि ते चरबीवर चालतात. चरबीचा साठा तासन्‌तास पुरतो, स्नायूंतली साखर पुरत नाही. तेव्हा १६० किलोमीटर आणि पहिल्या दहांत यायचं असेल तर अरबी रक्ताला तोड नाही, हे मी मान्य करतो.

पण तुमची गरज ती नाही. ४० ते ८० किलोमीटर, ताशी १२ ते १४ च्या चालीनं, नवशिक्या जोडीनं. आंतरराष्ट्रीय नियमांतही नवख्या जोडीला पात्रता फेरीत ताशी १६ किलोमीटरची कमाल मर्यादा घातलेली आहे. एवढं काम नीट तयार केलेला, निरोगी पायांचा, हलक्या बांध्याचा कुठलाही घोडा करतो. शुद्ध अरबी आपल्याकडे मोजके आहेत, बाहेरून आणायचा तर विलगीकरण, रक्ततपासण्या आणि वाहतूक यांचाच खर्च घोड्याइतका होऊन बसतो. अरबी संकर चांगला मिळाला तर जरूर बघा. मात्र कागद नसलेल्या घोड्याचं 'अरबी रक्त' बाजारात फार स्वस्तात सांगितलं जातं.

आणखी एक गोष्ट, जी मला मनापासून टोचते. आखाती देशांत सपाट वाळूवर ताशी २५ किलोमीटरच्या पुढे १२० आणि १६० किलोमीटरच्या शर्यती झाल्या. त्यांत घोड्यांची हाडं मोडली, घोडे मेले. २०१५ साली आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानं संयुक्त अरब अमिरातीच्या फेडरेशनला याच कारणांवरून निलंबित केलं होतं. ते घोडे उत्तम अरबी वंशाचे होते. चांगली जात घोड्याला स्वाराच्या हावेपासून वाचवत नाही.

मारवाडी आणि काठियावाडी यांच्याकडे वळतो. दोन्ही जाती कोरड्या, तापलेल्या मुलखात, कमी चाऱ्यावर घडल्या. कातडी पातळ, पाय सडसडीत, खूर टणक. आपल्या दख्खनच्या मुरुमावर आणि कातळावर टणक खूर किती कामाचे ते रेसकोर्सचा घोडा आणून बघितलेल्याला विचारा. कच्छी-सिंधी हीसुद्धा त्याच मुलखातली नोंद झालेली जात आहे, आणि तिच्यातला एखादा घोडा समोर आला तर याच निकषांवर बघा.

अडचण जातीत नाही. गेल्या काही दशकांत हे घोडे कशासाठी पैदास झाले, तिथं आहे. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी जा. गर्दी कुठं जमते बघा. उंच घोड्याभोवती, कानांची टोकं एकमेकांना भिडणाऱ्या घोड्याभोवती, नुकऱ्याभोवती, नाचणाऱ्या घोड्याभोवती. खरेदीदार भोवरे मोजतो, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरं) आहे का बघतो, इंचांवर भाव करतो. वरातीसाठी आणि प्रदर्शनासाठी ते ठीक आहे. पण इंच वाढवण्याच्या नादात पैदास झालेला घोडा पुष्कळदा अरुंद छातीचा आणि उंचीच्या मानानं बारीक नळीचा (गुडघ्याखालच्या हाडाचा) निघतो. नाचकाम शिकवलेला घोडा तर मी लांब पल्ल्यासाठी घेणारच नाही. काटेरी लगामानं मान वर ओढून, पाठ खोल करून, डांबरी रस्त्यावर पाय आपटत त्यानं वर्षं काढलेली असतात. मागच्या पायांचे सांधे आणि पाठ तिथंच खर्ची पडतात. लगाम ढिला सोडून मान खाली घालून शांत चालणं, जे आपल्याला तासन्‌तास हवं असतं, ते त्याला भीतीमुळे जमत नाही.

तुमच्या यादीतला नुकरा आता याच कसोटीवर बघा. गुलाबी कातडीचा घोडा मार्चच्या उन्हात नाकपुड्यांवर आणि डोळ्यांभोवती भाजतो. चार वर्षांचं वय म्हणजे पाठीच्या मणक्यांची वाढ अजून पुरी व्हायची आहे. ७८ किलोंचा स्वार आणि खोगीर घेऊन त्याला आत्ता ४० किलोमीटरला उतरवणं अन्यायाचं आहे. १६० किलोमीटरच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत घोडा किमान आठ वर्षांचा लागतो, तो नियम उगाच केलेला नाही. आणि तो अंडील आहे. आपल्याकडे घोडा खच्ची करायची रीत फारशी नाही, त्यामुळे बाजारात अंडीलच जास्त दिसतात. पण व्हेट गेटवर शेजारी घोडी उभी राहिली की त्याची नाडी ५८ वरून ८० वर जायला वेळ लागत नाही. मी असे तंदुरुस्त घोडे केवळ या कारणानं बाद होताना पाहिले आहेत. पहिला घोडा घोडी किंवा खच्ची असावा, हा माझा ठाम सल्ला आहे.

थरोब्रेडबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात. त्याचं हृदय मोठं असतं, काम करायची हौस दांडगी, आणि ४०-६० किलोमीटर तो आनंदानं करतो. पण त्याचे स्नायू दोन-तीन मिनिटांच्या झपाट्यासाठी निवडून निवडून घडवलेले आहेत. अंग मोठं, उष्णता जास्त साठते. तळवे पातळ, खुरांची भिंत ठिसूळ, नाल लवकर निघतात. शिवाय दोन-तीन वर्षांचा असल्यापासून पळवलेला घोडा निवृत्त का झाला हा प्रश्न आहेच. नुसता हळू पडला म्हणून सोडला असेल तर उत्तम. पुढच्या पायांच्या शिरा (टेंडन) सुजून किंवा गुडघ्यात हाडाची कपची निघून सोडला असेल, तर लांब पल्ला ते दुखणं बाहेर काढणारच. फुकटचा घोडा घेताना पुढच्या दोन्ही पायांचे एक्स-रे आणि शिरांची सोनोग्राफी आपल्या डॉक्टरकडून करून घ्या. सगळं स्वच्छ आलं तर त्याला किमान सहा महिने डोंगरउतारावर नुसतं चालवायची आणि सावकाश दुडकीची सवय लावावी लागेल. हलक्या हाताच्या स्वारानं ते करावं. पुढचा घोडा दिसला की पळायचं, हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं, आणि सुरुवातीच्या रेषेवर तीस घोडे एकदम सुटतात.

भीमथडीचा प्रश्न मला विशेष आवडला. भीमेच्या खोऱ्यात स्थानिक तट्टं आणि बाहेरून आलेलं अरबी व तुर्की रक्त यांच्या मिश्रणातून हा घोडा घडला असं मानतात. मराठ्यांच्या घोडदळाचा वेग या बुटक्या, काटक घोड्यांवर उभा होता. आज तो मुख्यतः धनगरांच्या कळपाबरोबर बिऱ्हाड वाहताना दिसतो. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. चारा कसलाही चालतो, खुरांना तोड नाही, आणि मेंढरांमागे रोज मैलोगणती चालायचा सराव पिढ्यान्‌पिढ्यांचा. पण उंची साधारण १३० सेंटिमीटर, आणि तेवढ्या तट्टाचं वजन तीनशे किलोंच्या आतच असतं. तुम्ही आणि खोगीर मिळून ८५ किलो. ताशी १३ च्या वेगानं हा भार त्याच्या पाठीवर टाकणं मला पटत नाही. तुमच्या घरात चौदा-पंधरा वर्षांची, ४५ किलोंची मुलगी असेल तर मात्र तिच्यासाठी एक चांगला भीमथडी शोधा. २० आणि ४० किलोमीटरला या जातीचे घोडे आपल्या मुलांखाली दिसायला हवेत. ती जात टिकायची असेल तर तिला काम मिळालं पाहिजे.

वजनाचा विषय निघालाच आहे तर काठियावाडी घोडीबद्दल तुम्हाला हीच शंका येईल. ५८ इंची घोडी चांगल्या अंगाची असली तर साडेतीनशे ते चारशे किलोंची भरते. तुमचे ८५ किलो म्हणजे २१ ते २४ टक्के. नेहमी सांगतात ती मर्यादा २० टक्क्यांची. १९९० च्या दशकात टेव्हिसच्या घोड्यांवर झालेल्या अभ्यासात मात्र असं दिसलं की शर्यत पुरी होणं स्वाराच्या वजनापेक्षा घोड्याच्या अंगावरच्या मांसल भरीवर जास्त अवलंबून होतं. फार हडकुळे घोडे उष्णतेनं आणि क्षार घटून बाद झाले. बरगड्या हाताला सहज लागाव्यात पण डोळ्यांना ठळक दिसू नयेत, एवढी भर हवी. लांब पल्ल्याचा घोडा म्हणजे वाळका घोडा ही समजूत सोडून द्या. याचा अर्थ वजनाला महत्त्व नाही असा नाही. नळी जाड हवी. पुढच्या पायाची नळी गुडघ्याखाली टेपनं मोजा, १८ सेंटिमीटरच्या वर भरली तर मला धीर येतो. खोगीर हलकं घ्या, तुम्ही चार-पाच किलो उतरा, आणि तीव्र उतारावर खाली उतरून घोडीबरोबर पायी पळा. अनुभवी स्वार हे नेहमी करतात.

काठियावाडीची एक खोड लक्षात ठेवा. पुष्कळ घोड्यांना रेवाल चाल येते, आणि मालक ती कौतुकानं दाखवतात. हातात पाण्याचा पेला धरून बसावं इतकी ती मऊ असते. पण व्हेट गेटवर डॉक्टरला सरळ दोन तालांची दुडकी बघायची असते, कारण लंगडणं तिच्यातच स्पष्ट कळतं. रेवालात पाय ओढला जातोय की चालच तशी आहे, हे ठरवणं अवघड जातं. घोडी हातात धरून सरळ रेषेत दुडकी पळते का ते पहिल्याच दिवशी बघा. पळत नसेल तर शिकवता येतं, दोन-तीन महिने जातात.

आता तिथं गेल्यावर काय करायचं. बाजारात नाडी बघण्यात अर्थ नाही, ढोल आणि गर्दीत कुठल्याही घोड्याची नाडी खरी मिळत नाही. मालकाच्या तबेल्यात जा, मुक्काम करा. पहाटे चारा टाकण्याआधी डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिट मोजा. शांत घोड्याची नाडी २८ ते ४० च्या दरम्यान असते. मग स्वतः बसून वीस मिनिटं दुडकी करा, उतरा, तंग सैल करा, सावलीत दहा मिनिटं चालवा आणि पुन्हा मोजा. ६४ च्या खाली आली पाहिजे. सराव नसलेल्या घोडीची ५६ आली तर सौदा गंभीरपणे घ्या. त्यानंतर व्हेट गेटवरचीच एक चाचणी करा. नाडी मोजा, ४० मीटर जाऊन ४० मीटर परत दुडकी पळवा, आणि पळवायला सुरुवात केल्यापासून बरोबर एका मिनिटानं पुन्हा मोजा. आकडा पहिल्याइतका किंवा कमी हवा. चार ठोक्यांपेक्षा जास्त वाढ झाली तर कुठंतरी थकवा आहे किंवा दुखतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तबेल्यातून बाहेर काढण्याआधी, चारही पायांवरून हात फिरवा. आदल्या दिवशीच्या कामाची ऊब किंवा सूज रात्रभरात वर येते, म्हणून मुक्काम महत्त्वाचा. पाठीवर खोगिराच्या जागी पांढरे केस उगवले आहेत का बघा, ते जुन्या जखमांचे असतात. मग रक्त काढून सर्रा, ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया या रोगांच्या चाचण्या. सर्रा आपल्याकडे सर्रास आढळतो. तो असलेला घोडा दिसायला बरा वाटतो, पण रक्त कमी झाल्यानं नाडी उतरत नाही, आणि लोक त्याला जातीचा दोष म्हणतात.

हवामानाबद्दल थोडक्यात. तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या आणि त्यात हवेतल्या आर्द्रतेचा टक्का मिळवा. बेरीज १३० च्या आत असेल तर निर्धास्त. १५० च्या वर गेली की घाम नीट सुकत नाही, जपून चाला. १८० च्या पुढे घोडा बाहेरच काढू नका. अलिबागला ३२ अंश सेल्सिअस आणि ७० टक्के आर्द्रता म्हणजे ९० अधिक ७०, १६०. फलटणला त्याच तापमानात आर्द्रता ३० टक्के असेल तर १२०. सौराष्ट्रात आतल्या कोरड्या भागात वाढलेली घोडी कोकणकिनाऱ्यावर पहिल्या वर्षी झगडेल. तुमची पहिली शर्यत घाटावर, डिसेंबर-जानेवारीत धरा.

घोडी पसंत पडली तर घाई करू नका. पहिले तीन महिने चाल आणि सावकाश दुडकी, आठवड्यातून तीन-चार दिवस, त्यातला एकच दिवस लांब. श्वास आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण शिरा, खूर आणि हाडं यांना महिने लागतात, आणि बहुतेक घोडे या मधल्या फरकात लंगडे होतात. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी आलाच पाहिजे. वर्षभर ४० च्या पुढे जाऊ नका, ६० पुढच्या हंगामात.

आणि ती घोडी मी कधी नाकारीन तेही सांगतो. दहा मिनिटांनी नाडी ७० च्या वर राहिली, हातात धरून पळताना डोकं एका बाजूला झुकलं, नळी १७ सेंटिमीटरच्या आत भरली, किंवा मालकानं मुक्कामाला आणि रक्त काढायला नकार दिला, तर चहा पिऊन परत या. काठियावाडात चांगल्या घोड्या आणखी आहेत. थरोब्रेडचे एक्स-रे तोवर करून ठेवायला हरकत नाही.